लाल पुढे की पांढरा पुढे

मी एक थीम बोलतेय. दचकू नका, वेबसाइटची थीम. तुम्ही मोबाइलवर बातमी उघडता तेव्हा फोटो कुठे बसायचा, मथळा केवढा व्हायचा, मागे रंग कोणता यायचा, हे सगळं मी ठरवते, असं लोक समजतात. खरं सांगायचं तर मी काहीच ठरवत नाही. मला सांगतात, मी ऐकते, आणि पुष्कळदा मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मला घडवणारा माणूस कुठल्या तरी थंड मुलखातला असावा, कारण नमुना म्हणून त्याने माझ्यात बर्फाचे आणि केकचे फोटो भरले होते. त्याने मला दोन प्रकारे ऐकायला शिकवलं. एक म्हणजे सेटिंग. तिथे बटण दाबलं की सगळी वेबसाइट बदलते. दुसरे टॅग, म्हणजे एकेका लेखाला चिकटवलेले शब्द. त्यातही ज्या टॅगच्या आधी हॅशची खूण असते तो वाचकाला दिसतच नाही. तो माझ्या कानात सांगितलेला निरोप. दोन निरोप एकमेकांच्या विरुद्ध असले तर जो पहिला लिहिलेला त्याचं ऐकायचं. एवढं शिकवून तो मोकळा झाला, आणि मी येऊन पडले घानातल्या माम्पाँगला, ओचेरेच्या दुकानात.

ओचेरे आधी अंत्यविधीची पोस्टरं छापायचा. मग त्याने गावाची बातम्यांची वेबसाइट काढली. त्याला वाटलं लोक रस्त्यांच्या कामांबद्दल वाचतील, कोकोच्या पिकाबद्दल वाचतील. लोक आले, पण सगळे एकाच पानावर: कोण गेलं, आणि शनिवारी कुणाच्या अंत्यविधीला जायचं.

ते पान दुकानात कामाला असलेली बिरागो सांभाळायची. दुपारी भाजलेलं केळं आणि शेंगदाणे खात खात तिने मला दोन नवे हॅश टॅग शिकवले. पांढरा टॅग दिसला की पांढरं पान, काळी चौकट. तो भरपूर जगून गेलेल्यांसाठी. लाल टॅग दिसला की लाल-काळं पान. तो वेळेआधी गेलेल्यांसाठी. गाव आधी माझा रंग बघायचं आणि मग अंत्यविधीला कोणतं कापड नेसायचं ते ठरवायचं. मी गोंधळले. माझ्या नमुन्यात पांढरा रंग लग्नाला होता.

तरी मी शिकले. पण एकदा ओचेरेने गावच्या संघाच्या गोलकीपरचा फोटो टाकला आणि संघाचा शर्ट लाल म्हणून लाल टॅग लावला. अर्ध्या तासात त्या पोराच्या दारात बायका डोक्याला हात लावून रडत उभ्या. तो आतून ब्रश करत बाहेर आला. त्याच्या आईने ओचेरेला भर बाजारात अशी सोलून काढली की पुढे कितीतरी दिवस तो मागच्या गल्लीतून घरी जायचा. यात माझं काय चुकलं ते मला आजही कळलेलं नाही. मला लाल सांगितलं, मी लाल केलं.

मग पोकुआ आजी गेली. मातीच्या भट्टीत पाव भाजून विकणारी. फोटोत तिचे हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले आणि ती हसतेय. तिचं वय कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. तिचा भाऊ दापा हा आईकडच्या घराण्याचा वडीलधारा. शब्द त्याचा चालायचा. त्याने ओचेरेला फोन करून सांगितलं की बहीण ऐंशी ओलांडून गेली, पान पांढरं हवं. तिची मुलगी कोनादू हिने बिरागोला फोन करून सांगितलं की आई सत्तर वर्षंही नीट जगली नाही, पान लाल हवं.

बिरागोने लाल टॅग लावला. ओचेरेने तो न काढता पांढरा त्याच्या पुढे ओढला. बिरागोने जेवून आल्यावर लाल पुढे ओढला. मी पहिल्या टॅगचं ऐकणारी. सकाळी लाल, दुपारी पांढरी, संध्याकाळी पुन्हा लाल. कापडाच्या दुकानात बायका आधी घेतलेलं कापड परत घेऊन आल्या. दुकानदारीण फोन करून म्हणाली, ओचेरे, तुझी वेबसाइट आहे की सरडा आहे? मला फार लागलं ते.

शेवटी मामा आणि भाची दोघं एकाच सकाळी दुकानात आली. मी बिरागोच्या लॅपटॉपवर उघडीच होते, म्हणून सगळं ऐकलं.

"पांढरं कर," दापा मामा काठी टेकत म्हणाला. "पिकलं पान होतं, गळलं. त्याला काय रडायचं?"

"तुमचं पिकलं पान असेल, मामा. माझी आई गेलीय," कोनादू म्हणाली. "पांढरं लावलंत की लोक बँड घेऊन नाचत येतील. मला रडायचंय. लाल असलं म्हणजे रडणाऱ्याला कोणी का म्हणून विचारत नाही."

ओचेरेने खुर्ची सरकवली, पण मामा बसला नाही.

"लाल असलं की विचारतात, पोरी. वेळेआधी कशी गेली, कुणाच्या घरात गेली, औषध कुणाच्या हातचं. तू तिला बरं करायला तेमा शहरात नेलंस, आणि ती तुझ्या घरात गेली. गाव पहिलं बोट कुणाकडे दाखवेल? मी काय रंगासाठी भांडतोय होय?"

कोनादू खाली बसली. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्या तर कुठून असणार! मला वाटत होतं म्हातारा हट्टी आहे.

थोड्या वेळाने ती बिरागोला म्हणाली, "पांढराच पुढे घे. मामांचं ऐक."

आणि मामा त्याच वेळी म्हणाला, "नको. लाल राहू दे. रडू दे पोरीला. बोटं दाखवणाऱ्यांना मी बघून घेतो."

आणि दोघं पुन्हा भांडू लागली. ती पांढऱ्यासाठी, तो लालसाठी. मी पुरती चक्रावले. बिरागो एकदा हिच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. मग तिने कापडाच्या टोकाने डोळे पुसले आणि दोन्ही टॅग काढून टाकले.

"अगं, मग लोकांनी नेसायचं काय?" ओचेरेने विचारलं.

"ज्याला आतून जे वाटेल ते," ती म्हणाली. त्याने कुरकुरत तशी ओळ खाली लिहिली.

आता माझ्या कानात कुणीच काही सांगत नव्हतं. असं झालं तर काय करायचं हेही घडवणाऱ्याने शिकवलं होतं: फोटो मोठा, खाली नाव, रंग नाही. तेवढं मी केलं. पिठाच्या हातांनी हसणारी पोकुआ आजी पानभर आली. एखाद्याच्या मरणापुढे मी अशी निरोपाशिवाय पहिल्यांदाच उभी राहिले, आणि मला भीती वाटली.

शनिवारचे फोटो आले तेव्हा मांडवात सगळे रंग होते. पुढच्या खुर्च्यांवर कोनादू आणि दापा मामा शेजारी शेजारी बसलेले. ती पांढऱ्यात, तो लालमध्ये. ती तोंड उघडं टाकून रडतेय आणि त्याने तिचा हात आपल्या गुडघ्यावर घट्ट धरलाय. घराण्याचा वडीलधाराच लाल नेसून तिच्याजवळ बसल्यावर तिच्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप होती? त्या फोटोंनाही बिरागोने टॅग लावला नाही.

आता ओचेरे मला काढतोय. त्याला हलत्या फोटोंची नवी थीम आवडलीय. लेख जातील, टॅगही तिच्याकडे जातील, पण लाल म्हणजे काय आणि पांढरा म्हणजे काय हे तिला ठाऊक नसेल. गावातले सगळे मेलेले तिला सारखेच दिसतील. बिरागो, तुला एवढंच सांगणं आहे. केळं खाता खाता मला शिकवलेस तसे तिला ते दोन रंग शिकव. ती गोंधळेल, मीही गोंधळले होते. आणि पोकुआ आजीचं पान आलं, की तिच्या कानात काही सांगू नकोस.