योरिसचा कोपरा

"अण्णा, ह्यो कोपरा आता मोकळा करायचा," तालमीचे अध्यक्ष हंबीररावांनी खालून सांगितलं.

प्रभुलिंग स्टुलावर उभा होता, डाव्या हातात ओलं फडकं, उजव्या हातात खडू. आमच्या तालमीचा वार्ताफलक बावीस वर्षं तोच लिहीत आला होता. वर सुविचार. मध्ये गल्लीच्या बातम्या: पाणी कधी येणार, कुणी कुस्ती मारली, कुणाचं निधन झालं आणि रक्षाविसर्जन किती वाजता. अक्षर असं, की आपल्या नावाची पाटी त्याच्याच हातची असावी असं भल्याभल्यांना वाटे. खाली उजवीकडचा हातभर कोपरा मात्र त्याचा स्वतःचा होता. दर महिन्याच्या एक तारखेला तिथं तो जॅबरच्या बातम्या लिहायचा.

"काय वाईट केलंय त्येनं?" प्रभुलिंगने विचारलं.

"वाईट न्हाय, पर कुणाला कळतबी न्हाय. कमिटीत ठरलंय. ह्यो म्हयना लिव. फुडच्या म्हयन्यापास्नं तिथं आपल्या पोरांच्या कुस्त्या येतील."

"ह्या म्हयन्याची बातमीच अजून आली न्हाय, आबा."

"मग आली की लिव. घाई कुणाला हाय?"

कमिटीत मीही होतो. कोपऱ्याच्या विरुद्ध हात वर केला होता, हे आधीच सांगून टाकतो.

ही गोष्ट २००७ सालची. प्रभुलिंग टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन. जो तो मोबाइल घेऊन फिरायला लागला तसं त्याच्या एक्स्चेंजमध्ये सामसूम व्हायला लागली, आणि रिकामा वेळ त्याला सोसत नसे. लेकीसाठी, शांभवीसाठी, घेतलेला कॉम्प्युटर ती सांगलीला शिकायला गेल्यावर त्याच्या ताब्यात आला. त्यातून हे जॅबर, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांना निरोप धाडायची एक फुकट सोय, त्याच्या डोक्यात शिरलं.

"आता बघ," तो मला सांगे, "मलकापूरचं एक्स्चेंज येगळं, बिद्रीचं येगळं. तरी मलकापूरचा फोन बिद्रीला लागतो का न्हाय?"

"लागतो की."

"मग ह्या मेसेजवाल्या कंपन्यांना काय झालंय? हिच्यातला निरोप तिच्यात जात न्हाय. जॅबरचं तसं न्हाय. नियम समद्यांना उघडं. कुणीबी घरात आपलं एक्स्चेंज काढावं आन् जगाला जोडावं."

आणि पठ्ठ्याने काढलंही. मागच्या खोलीत, लोखंडी पेटीवर एक जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस घरघरत असे. त्याला तो सर्व्हर म्हणे, त्याची बायको निर्मला गिरणी म्हणे. सदस्य अकरा. तो स्वतः, शांभवी, तिच्या मैत्रिणी आणि एक्स्चेंजमधले दोघे, ज्यांना त्याने जबरदस्तीने घेतलं होतं.

जॅबरच्या जगाच्या बातम्या गोळा करायचा तो हॉलंडमधला योरिस नावाचा एक माणूस. कुठल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, कुणी कुठली चूक दुरुस्त केली, कोणत्या देशात कुणी सर्व्हर सुरू केला, हे तो महिन्याच्या महिन्याला सगळ्यांना कळवायचा. त्याचा पगार नाही, मानधन नाही. एकदा त्यात ओळ आली होती: 'भारतात कोल्हापूर इथे प्रभुलिंग यांचा सर्व्हर सुरू. सदस्य अकरा.' प्रभुलिंगने तो कागद छापून गल्लीभर फिरवला. आम्ही 'वा वा' म्हणून चहा प्यालो आणि विसरून गेलो. निर्मलाने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

तेव्हापासून दोघांचं बोलणं सुरू झालं. दोघांचंही इंग्रजी बेताचं, म्हणून चांगलं जमलं. प्रभुलिंग ड्यूटीवरून आला की पायही न धुता बसायचा. पडद्यावर योरिसचं नाव हिरवं असलं की माणूस तिकडे हजर, करडं असलं की नाही. हिरवं दिसलं की हा घरात शीळ घालायचा.

त्या महिन्यात नाव करडंच राहिलं. एक तारीख गेली, आठ गेली. नवव्या दिवशी साडेपाचला ते हिरवं झालं.

'कुठे होतास?' प्रभुलिंगने लिहिलं. 'माझा शेवटचा कोपरा अडलाय.'

उत्तर आलं: 'मी योरिस नाही, त्याची बहीण. योरिस वारला. त्याच्या यादीतल्या माणसांना एकेक करून सांगते आहे. तुमच्या नावापुढे त्याने नुसतं एक्स्चेंज असं लिहून ठेवलंय. तुम्ही त्याचे कोण?'

मित्र म्हणावं, तर माणूस कसा दिसतो हेही माहीत नव्हतं. 'सांगतो,' एवढंच लिहून तो उठला, खडूचा डबा घेतला आणि थेट फलकाकडे गेला.

तिथं त्याने कोपऱ्यात नाही, मधोमध लिहिलं: 'दुःखद निधन. जॅबरचे बातमीदार श्री. योरिस, हॉलंड, यांचे निधन झाले.' बावीस वर्षांची सवय. हात पुढेही चालत राहिला. 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वा.' ओळ लिहून त्याने खडू ठेवला आणि घरी जाऊन न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी नऊला प्रभुलिंग फलकाखालून ड्यूटीला निघाला, तर तिथं गर्दी. हंबीरराव पांढरी टोपी घालून उभे. भाजी विकणाऱ्या चिमणाबाई पाटी बाजूला ठेवून आलेल्या. कुणीतरी हार आणलेला. मीही इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. आमच्याकडे फलकावर वेळ लिहिली की माणूस जातो. कोण गेलं हे वाटेत विचारतो.

"चला अण्णा," हंबीरराव म्हणाले. "कुठं जायाचंय? पंचगंगंला?"

प्रभुलिंगने वर फलकाकडे पाहिलं आणि तेव्हा त्याला ती ओळ दिसली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आबा, चुकलं माजं. त्ये समदं तिकडंच झालं असंल. हॉलंडात. हिथं कायबी न्हाय."

मला वाटलं, आता हशा पिकणार. पण हंबीररावांनी टोपी नीट केली. "आता आलोय त्ये आलोय," ते म्हणाले. हार त्यांनी फलकाच्या खिळ्याला अडकवला आणि हात जोडून उभे राहिले. मग सगळेच उभे राहिले. रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून इंजिन बंद केलं.

मग प्रश्न सुरू झाले.

"वय काय हुतं पावण्याचं?" चिमणाबाईंनी विचारलं.

"ठावं न्हाय."

"बायकापोरं?"

"कवा इचारलंच न्हाय मावशी. आमी बातम्याचंच बोलायचो."

"आन् त्या बातम्या कुणासाठी लिवायचा त्यो?"

"समद्यांसाठी. फुकट."

"आगं बाई, म्हंजे तुज्यासारकाच," चिमणाबाई म्हणाल्या आणि पाटी डोक्यावर घेतली.

हंबीरराव एवढ्यावर सोडणारे नव्हते. "अण्णा, एक इचार तिकडं. मातीला माणूस किती हुतं?" आमच्या गल्लीत गेलेल्या माणसाचं मोल त्यावर ठरतं. पैसा कुणी विचारत नाही, मातीला किती होते हे विचारतात.

संध्याकाळी साडेपाचला प्रभुलिंगने बहिणीला विचारलं. मी त्याच्या शेजारी पाटावर बसलो होतो, गुन्हेगारासारखा. निर्मला चहा घेऊन दारातच थांबली होती. उत्तर आलं: वय एकसष्ट. लग्न केलं नव्हतं. पोस्टात नोकरी होती. मातीला नऊ माणसं होती, त्यात दोघं शेजारी.

"नऊच?" निर्मला म्हणाली.

प्रभुलिंगने फलकाच्या कोपऱ्यात हे सगळं लिहिलं, वय, पोस्टाची नोकरी आणि शेवटी 'अंत्यविधीस उपस्थिती ९.' हंबीरराव खालून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"आज सकाळी आपण किती हुतो?"

"मोजलं न्हाय, आबा."

"म्या मोजलंय. एकतीस. रिक्षावाला धरून." "त्यात मिळव आन् लिव," ते म्हणाले.

प्रभुलिंगने फडकं न घेता तळहातानेच नऊ पुसला आणि त्या जागी चाळीस लिहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं अक्षर वाकडं आलं.

घरी येऊन त्याने बहिणीच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. 'आम्ही त्याच्या गल्लीतले,' त्याने लिहिलं. 'चाळीस जण होते, तुमच्याकडे चुकून नऊ मोजले.'

पुढच्या एक तारखेला कुस्त्यांची यादी घेऊन मीच फलकापाशी गेलो. कोपऱ्यात कुणी काही पुसलं नव्हतं. चाळीसच्या खाली एक नवी ओळ होती: 'कोल्हापूर इथला सर्व्हर सुरू आहे. सदस्य अकरा.' मी यादी घडी करून खिशात ठेवली आणि घरी आलो.