उशिरा येणारं आमेन

चर्चमधल्या शेवटच्या बाकामागे मंडळीतली एक सून उभी राहायची. स्टँडवर मोबाईल लावून दर रविवारी उपासना लाइव्ह दाखवायची. सुरुवात झाली ती सासऱ्यांसाठी. उभा जन्म चर्चची घंटा वाजवलेला माणूस अर्धांगवायूने खाटेला खिळला, उजवा हात गेला, वाचा गेली. आता प्रत्येक प्रार्थनेनंतर ते डाव्या हाताच्या एका बोटाने मोबाईलवर 'आमेन' लिहायचे. अक्षरं जुळेपर्यंत पुढचं गीत अर्धं व्हायचं, मग कुठे ते आमेन पडद्यावर यायचं. तेवढ्यानेही तिला बरं वाटायचं.

बाकीच्यांनी मात्र लाइव्हचा पार बाजार मांडला होता. बसायचं चर्चमध्येच, आणि समोरची उपासना मान खाली घालून मोबाईलवर बघत लाल बदाम नि अंगठे पाठवायचे! पाळकसाहेब वैतागून म्हणायचे, "मी डोळे मिटा म्हणतो, आणि लोक मला अंगठे दाखवतात."

त्या रविवारी मंडळी पांगल्यावर चर्चचा कारभार बघणारे पंच पुढच्या बाकांवर जमले.

"लाइव्ह बंद केल्याशिवाय हे खूळ जायचं नाही," सेक्रेटरी म्हणाले.

पाळकसाहेबांनी मागे वळून सुनेला विचारलं, "ताई, तुमच्या बाबांची अडचण होईल का? ते बघतात ना?"

होईल, असं तिला म्हणायचं होतं. त्यांच्याकडे तेवढा रविवारच उरलाय, असंही. पण एका माणसासाठी, तेही आपल्याच घरच्या, सगळ्यांना कसं अडवायचं? भिडेपायी नुकसान सोसायची खोड तिला लहानपणापासूनची.

"छे हो," ती हसून म्हणाली. "त्यांना आता कुठे काय कळतं! नुसते पडून असतात."

"मग प्रश्नच मिटला," पाळकसाहेब म्हणाले आणि छोटी प्रार्थना करून त्यांनी सभा संपवली.

ती मोबाईल काढायला वळली, तेव्हा तिला दिसलं. लाइव्ह बंद करायचं राहूनच गेलं होतं. कोपऱ्यात आकडा होता : पाहणारे एक.

ती बघत राहिली. बटणाकडे हात जाईना. पंच बाक सरळ करत होते, कुणी पंखे बंद करत होतं. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली.

आमेन.

"बाबा, मी खोटं बोलले," ती मोबाईलला म्हणाली, मोठ्याने. "तुम्हाला सगळं कळतं, बाबा."

पंच जागच्या जागी थांबले. कोपऱ्यातला आकडा त्याआधीच शून्य झाला होता. तिचं बोलणं बाबांपर्यंत पोचलंच नव्हतं.

तिने डोळे पुसले आणि पाळकसाहेबांकडे वळली. "लाइव्ह पुढच्या रविवारीही होणार. बदाम पाठवणाऱ्यांचे मोबाईल दारात काढून घ्या."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. हे बोलणं सोपं होतं. दुसरं, खोटं बोलल्याचं, घरी जाऊन, खाटेशेजारी बसून, बाबांच्या तोंडाकडे बघत बोलायचं होतं.