म्हैस जागची हलत नाही

ड्रॉइंगवाल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीचा एक कोपरा म्हशीने अडवला होता. म्हैस म्हणजे त्यांचा डेस्कटॉप कॉम्प्युटर. टेबलाखाली काळा, रुंद डबा, टेबलावर मोठा पडदा आणि मागे वायरींचा गुंता. नाव त्यांच्या बायकोने ठेवलं होतं, कारण डबा दिवसभर एका जागी बसून असायचा आणि पायांवर गरम श्वास सोडायचा. बायकोला जाऊन वर्ष उलटून गेलं, तरी ते नाव तसंच राहिलं.

या म्हशीवर ड्रॉइंगवाले फर्निचरची चित्रं करायचे. कपाट असो, पलंग असो की स्वयंपाकघराचा ओटा, कारखान्यात बनायचं ते आधी त्यांच्या पडद्यावर उभं राहायचं. गिऱ्हाईक ते चहूबाजूंनी फिरवून बघायचं आणि मगच लाकडाला करवत लागायची. काम बारीक आणि कॉम्प्युटरला जड. पण गेल्या वर्षभरात म्हशीने याहून जड काम केलं होतं. तिने ड्रॉइंगवाल्यांना लेकीकडे कायमचं राहायला जाण्यापासून वाचवलं होतं.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे मोकळे करून द्यायची. भले भले हट्टी लोक तिच्यापुढे मुकाट्याने पाय वर करायचे, त्यामुळे आपलं सांगणं कोणी टाळू शकतं हे तिला ठाऊकच नव्हतं. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा होता. खोली तयार आहे, हे घर भाड्याने द्या आणि चला. ड्रॉइंगवाले कधी नाही म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "येईन गं, पण म्हशीचं काय? ती जागची हलत नाही."

खरं तर मागच्या वायरी काढून डबा गाडीत टाकायला असा कितीसा वेळ लागणार होता. पण त्यांनी लेकीला पटवून दिलं होतं की जुनं मशीन हलवलं की आतलं काहीतरी सुटतं, आणि सुटलं की ते बसवणारा माणूस आता मिळत नाही. जावयाला यातलं थोडं कळायचं. तो एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, तेवढ्यात ड्रॉइंगवाल्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने त्या उघड्या तोंडात बिस्कीट घातलं. जावई समजूतदार होता.

मग म्हैसच उलटली. मध्येच घरघर करायची आणि काम चालू असताना डोळे मिटायची. एका कारखान्याचं अख्खं स्वयंपाकघर असं अर्ध्यात गेलं. दुरुस्तीवाला आला, त्याने डब्यात टॉर्च मारला, तोंडाने च्च च्च केलं आणि झाकण परत लावून टाकलं. ड्रॉइंगवाल्यांनी चुकून ही गोष्ट फोनवर लेकीला सांगितली. सांगून झाल्यावर आपण काय करून बसलो हे त्यांना लगेच कळलं.

"छान झालं," लेक म्हणाली. "आता लॅपटॉप घेऊ. ताकदवान. मग काय, उचलला की चाललात."

दुसऱ्या कोणाला ही आनंदाची गोष्ट वाटली असती. ड्रॉइंगवाल्यांना नाही. पुन्हा डेस्कटॉपच घ्यावा तर लेक कारण विचारणार, आणि कारण सांगावं तर वर्षभराचं सगळं सोंग उघडं पडणार. तेव्हा एकच वाट उरली. लॅपटॉप बघायचे, मनापासून बघायचे आणि एकही पसंत करायचा नाही.

पहिल्या दुकानात त्यांनी लॅपटॉपला कान लावला आणि पंख्याचा आवाज डोक्यात जातो म्हणाले. घरी म्हैस गिरणीसारखी वाजायची ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दुकानात पडदा इतका चकचकीत निघाला की त्यात कपाटाऐवजी आपलंच तोंड दिसतं, अशी तक्रार झाली. नंतरचा एक तापतो, एकाचा पडदा लहान, तर एकाची आकड्यांची बटणं वरच्या ओळीत. आकड्यांची बटणं उजव्या हाताला चौकोनात नसतील तर मापं घालता येत नाहीत, असं त्यांनी दुकानातल्या बाईंना इतक्या गांभीर्याने समजावलं की त्या बाईंनी नवा माल आल्यावर कळवते असं वचन दिलं.

लेकही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तापतो म्हटल्यावर ती खाली ठेवायचं स्टँड उचलून आणायची. पडदा लहान म्हटल्यावर म्हणायची, मोठा पडदा माझ्या घरी भिंतीवर लावू, वायर जोडली की झालं. बटणांवर बोट ठेवलं तर तिने वेगळा कीबोर्ड काढून पुढ्यात ठेवला. शेवटी ती वैतागली.

"बाबा, माझ्यासाठी मुलगा बघताना तुम्ही एवढ्या खोड्या काढल्या नव्हत्या."

"तेव्हा तुझी आई बघत होती. मी नुसता चहा पीत होतो."

जावई मागे उभा राहून पेनड्राइव्हच्या किमती वाचू लागला.

अखेर ते एका लहान दुकानात पोचले. दुकानदार पोटाने सुटलेला, निवांत माणूस होता. त्याने ड्रॉइंगवाल्यांचं काम काय ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, काका, तुम्ही माझं ऐकू नका आणि डब्यावर काय छापलंय तेही वाचू नका. तुमचं सगळ्यात जड चित्र घेऊन या. ते जो लॅपटॉप न अडखळता फिरवेल, तो तुमचा. लेकीला हे एकदम पटलं. तिने तिथल्या तिथे वडिलांकडून कबूल करून घेतलं की असा लॅपटॉप मिळाला तर पुढच्या आठवड्यात सामान बांधायचं. आणि एकही मिळाला नाही तर? तर मी पुन्हा विषय काढणार नाही, लेक म्हणाली. तिचा विश्वास दांडगा होता.

ड्रॉइंगवाले घरी आले ते शीळ घालत.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी म्हशीला चुचकारून सुरू केलं आणि एका बंगल्याचं जुनं चित्र उघडलं. ते मुळातच जड होतं, पण त्यांना ते नुसतं जड नको होतं, अजगर गिळलेल्या अजगरासारखं हवं होतं. त्यांच्याकडे वेताची एक खुर्ची होती. म्हणजे चित्रातली. बायकोने हट्टाने त्यांच्याकडून करून घेतलेली, आणि वेताची पट्टी न् पट्टी वरखाली विणलेली. एक खुर्ची म्हणजे एका कपाटाएवढं ओझं. त्यांनी बंगल्याच्या मागे एक रिकामं दालन उभं केलं आणि त्यात त्या खुर्चीच्या नकला टाकायला सुरुवात केली.

सगळ्या खुर्च्या एकावर एक, एकाच जागी टाकल्या असत्या तरी भागलं असतं. वजन तेवढंच, आणि बघणाऱ्याला वरून एकच खुर्ची दिसली असती. अक्कल असलेल्या लबाडाने तेच केलं असतं. ड्रॉइंगवाल्यांनी दोन खुर्च्या तशा टाकून बघितल्याही. पण एका खुर्चीच्या अंगात दुसरी खुर्ची घुसलेली त्यांना बघवेना. सबंध आयुष्यात त्यांनी असं काम बाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी खुर्च्या वेगळ्या केल्या आणि रांगेत लावल्या. रांगांमध्ये गुडघे मावतील एवढी जागा ठेवली. मधून जायला वाट सोडली. दार उघडताना खुर्चीला आपटेल असं वाटलं म्हणून शेवटची रांग पुढे सरकवली. संध्याकाळपर्यंत म्हैस तीनदा बेशुद्ध पडली, पण चित्र तयार झालं. ड्रॉइंगवाल्यांनी ते पेनड्राइव्हवर घेतलं आणि समाधानाने भात टाकला.

दुकानात परीक्षा बसली. पहिल्या लॅपटॉपने चित्र उघडायला घेतलं आणि तो पांढराफटक पडला तो पडलाच. दुसऱ्याने बंगल्याचा अर्धा जिना दाखवला आणि माफी मागणारी चौकट वर आणली. तिसऱ्याचा पंखा असा भणाणला की रस्त्यावरून जाणारी एक बाई आत डोकावून गेली. ड्रॉइंगवाले प्रत्येक वेळी हळहळत होते. चांगला होता बिचारा, असं म्हणत होते. लेकीच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या.

दुकानदाराने मग काचेच्या कपाटातून एक धूड काढलं. जाडजूड, बटणांखाली लाल-निळे दिवे, सोबत विटेसारखा चार्जर. पोरं यावर लढाया खेळतात, तो म्हणाला. धुडाने बराच वेळ घेतला. ड्रॉइंगवाल्यांनी मनातल्या मनात त्याला नाही-नाही ते ऐकवलं. पण पडदा उजळला आणि बंगला पायरी-कौलांसकट उभा राहिला.

"उघडलं," लेक म्हणाली.

"उघडलं, पण फिरतंय कुठे," ड्रॉइंगवाले घाईने म्हणाले. "बघ, अडखळतंय."

खरंच अडखळत होतं. लेकीने माउस हातात घेतला. रुग्ण लंगडतो तर दुखणं कुठे आहे ते शोधायची तिला सवयच होती. दिवाणखान्यात चित्र बरं फिरत होतं, वरच्या मजल्यावरही बरं. मागच्या बाजूला नेलं की पाय ओढायचं. तिने मागची भिंत ओलांडली आणि थांबली.

समोर नाटकाच्या थिएटरएवढं दालन होतं, आणि नजर पोचेल तिथपर्यंत वेताच्या खुर्च्या.

"बाबा, हे काय आहे?"

"खुर्च्या."

"कोणासाठी?"

"असतील कोणी येणारे-जाणारे. मोठं घर आहे त्यांचं."

दुकानदाराने स्टूल जवळ ओढलं. त्याला आता गिऱ्हाईक नको होतं, पुढचं ऐकायचं होतं.

ड्रॉइंगवाल्यांनी शेवटचा प्रयत्न केला. नकला चुकून पडल्या असतील, म्हाताऱ्या माणसाचा हात, बटण दाबलं गेलं असेल, असं काहीतरी ते पुटपुटले. लेकीने पडद्यावर बोट ठेवलं आणि मधल्या वाटेवरून सावकाश शेवटच्या रांगेपर्यंत नेलं.

"चुकून पडल्या असत्या तर ढीग पडला असता. तुम्ही जायला-यायला वाट सोडलीय. दार उघडायलासुद्धा जागा ठेवलीय."

जावई इतक्या मन लावून माउसपॅड बघत होता की त्याचे खांदे हलत होते.

लेकीने माउस खाली ठेवला. ती चिडेल असं ड्रॉइंगवाल्यांना वाटलं होतं आणि त्याची त्यांनी तयारी केली होती. ती चिडली नाही, त्यामुळे ते उघडे पडले.

"यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं ना बाबा."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

लेकीने विचार केला. "नाही," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला वडिलांएवढं जमत नव्हतं. मग तिने सांगितलं की सकाळी फोन लावते आणि तुम्ही उचलत नाही, तेव्हा समोर पेशंटचा गुडघा असतो आणि मला तो दिसत नाही. तुम्ही मोरीत पडलेले दिसता. नंतर कळतं की तुम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होता.

हे ड्रॉइंगवाल्यांना माहीत नव्हतं. लेक हुकूम सोडते एवढंच त्यांना दिसलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"घरात मी अजून तुझ्या आईला हाक मारतो," ते म्हणाले. "टॉवेल कुठेय म्हणून, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या म्हणून. कोणी ओ देत नाही, ते मला चालतं. तुझ्याकडे मी हाक मारली तर तू ओ देशील."

दुकानदार उठला आणि कारण नसताना काउंटर पुसून आला.

मग त्यानेच विचारलं की काका, खुर्च्या काढल्या तर चालतील का. ड्रॉइंगवाले पुढे झाले, त्यांनी सगळं दालन एकदम निवडलं आणि पुसून टाकलं. दुकानदार हळहळला. मांडल्या छान होत्या, म्हणाला. त्यानंतर त्याने मघाशी पांढरा पडलेला पहिला लॅपटॉप पुन्हा लावला. त्यावर बंगला भिंगरीसारखा फिरला. वजनाने हलका, मेमरी भरपूर, ग्राफिक्स कार्डही चांगलं. आकड्यांची बटणं उजव्या हाताला चौकोनात होती. पडदासुद्धा चकाकत नव्हता. ड्रॉइंगवाल्यांकडे खोडी उरली नव्हती.

लेकीने तो एका हाताने उचलून तोलून बघितला. "हा घेऊ. उचलला की आलात, कधीही. आता तर तक्रारसुद्धा नाही."

"शुक्रवारी उचलून येईन," ड्रॉइंगवाले म्हणाले, "आणि सोमवारी उचलून जाईन."

लेकीने लॅपटॉपकडे बघितलं. हातात धरून जी वस्तू तिच्याकडे येऊ शकते तीच परतही जाऊ शकते, हे इतकी दुकानं पालथी घालताना तिच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. ती दुकानदारावर डाफरायच्या बेतात होती. पण त्याचा त्यात काही दोष दिसेना.

"मंगळवारी," ती म्हणाली.

"सोमवारी, जेवून."

"आणि गच्चीवर जाताना फोन खिशात."

"खिशात."

"कपडे वाळत घालतानासुद्धा."

"अगं, खिशात म्हणजे खिशातच की."

जावयाने एवढ्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. तो म्हणाला, चार्जर मात्र विसरू नका, सगळे तोच विसरतात. ड्रॉइंगवाले पाकीट काढता काढता थांबले आणि दुकानदाराकडे वळले.

"दोन चार्जर द्या," ते म्हणाले. "एक हिच्या घरी राहील. कायमचा."

लेकीने तो चार्जर तिथेच मागून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकून चेन लावली.