पंचेचाळीस की चोपन्न

डोलोनचा घाट बर्फाने बंद पडला, म्हणून कुबातचा ट्रक अंगणातच अडकला आणि त्याच्या मुलीच्या, झिबेकच्या नशिबी बाबांची शिकवणी आली.

झिबेक सातवीत. गणिताच्या बाईंनी, दामिरा एजेंनी, घरी सोडवायला काटकोनात वळणारी फरसबंद वाट दिली होती. बाहेरची एक बाजू दहा मीटर, दुसरी आठ, रुंदी सगळीकडे तीन, क्षेत्रफळ काढायचं. ज्यांचं बरोबर येईल त्यांच्यातूनच नारीन शहरातल्या गणित स्पर्धेसाठी मुलं निवडायची होती. झिबेकने वाटेचे दोन आयत पाडले. कोपरा पहिल्यात घेतला, म्हणून दुसऱ्याची लांबी आठाऐवजी पाच धरली. तीस अधिक पंधरा, पंचेचाळीस. उत्तर लिहून ती चहा आणायला उठली.

परत येते तर कुबात वहीवर खोडरबर घासत बसलेला.

"दहा त्रिक तीस, आठ त्रिक चोवीस. चोपन्न झाले," तो म्हणाला. "तू आकडे उलटे लिहिलेस."

"बाबा, कोपरा दोनदा मोजला जातोय."

"आकृतीत आठ लिहिलंय ना? मग हे पाच कुठून आणलेस?"

तिने पुन्हा पुन्हा समजावलं. दर वेळी तो मान डोलवायचा आणि फिरून आठ त्रिक चोवीसवर यायचा. शिवाय, त्याच्या काळी मास्तर कसे पक्कं करून घेत, तेही ऐकावं लागलं. कणकेचे बोरसोक तळणाऱ्या आईने बापाशी हुज्जत घालू नको म्हणून बजावलं. झिबेकचे डोळे भरून आले, ते रागाने. पेन्सिल मोडेल इतकी दाबून तिने चोपन्न लिहिलं.

सकाळी शाळेत गेल्यावर ते बदलता आलं असतं. तिने बदललं नाही. एजेंच्या लाल पेनाने बाबांची चूक दाखवावी, असं तिला कुठेतरी वाटत होतं.

लाल पेनाने दोन गुण दिले, पाचापैकी. स्पर्धेला दुसरीच मुलं निवडली गेली. घरी येऊन तिने वही बापापुढे टाकली. कुबातने वही पाहिली आणि त्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तो तिच्या मागोमाग थेट वर्गात शिरला आणि एजेंना म्हणाला की तुम्हाला साधा गुणाकार येत नाही. झिबेकला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

एजेंनी वाद घातला नाही. फळ्यावर वाट काढली, खडू त्याच्या हातात दिला आणि दोन्ही आयत रेघांनी भरायला सांगितलं. कुबातने पहिला दहा मीटरचा आयत भरला. मग दुसरा आठ मीटरचा भरायला घेतला, तर कोपऱ्यात आधीच्या रेघांवर रेघा चढल्या. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. कुबातचा हात थांबला.

"हिने बरोबर काढलं होतं," तो म्हणाला. "मीच खोडलं."

"असेल, कुबात बाइके," एजे आदराने म्हणाल्या. "पण चोपन्न हिच्या हातचं आहे. मी तेच तपासणार. आणि नावं कळवून झाली."

त्याने चूक सगळ्यांसमोर कबूल करावी, एवढंच झिबेकला हवं होतं. तसं झालं, तरी तिला जरासुद्धा बरं वाटलं नाही. बाप खडूने पांढरा झालेला हात पँटला पुसत होता आणि पोरं तोंड दाबून हसत होती. तिला बापाचा राग आला, एजेंचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

शाळा सुटली तेव्हा तो फाटकापाशी उभा होता. दोघं बर्फातून चालू लागली.

"पुढच्या वर्षी जाशील," कुबात म्हणाला.

झिबेकने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"पुन्हा अशी आकृती आली तर मला दाखव."

"नाही दाखवणार."

तो दोन पावलं मागे पडला, मग पुन्हा बरोबरीला आला.

"बरं," तो म्हणाला. "नको दाखवूस."