एकाच गाण्याच्या चार प्रती

थोरलीने पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, यादी उघडली आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, पुन्हा तेच गाणं! तबकडीवर आहे, कॅसेटवर आहे, सीडीवर आहे, आता इथेही. डीजेचं घर आहे की भंगाराचं दुकान?"

बाबा स्टुलावर बसून मऊ फडक्याने तबकड्या पुसत होते. चाळीस वर्षं लोकांना नाचवलेला माणूस, पण स्वतः जागचा हलेल तर शपथ! आता धंदा थोरलीच्या हाती जाणार होता आणि तिची अट एकच होती: एक गाणं, एक प्रत, बाकीचं सगळं बाहेर. बाबांनी मान डोलावली होती. मान डोलवायला त्यांचं काय जातंय!

"आणि हे बघा. तबकडीवर चार मिनिटं दहा सेकंद. कॅसेटवर चार अठरा. सीडीवर चार सत्तावीस. यात तर चार छत्तीस! तुमचं यंत्र म्हातारं झालंय, दर वेळी गाणं आणखी संथ उतरलंय."

"असेल बुवा," बाबा म्हणाले.

असेल बुवा? यंत्राचा पट्टा जरा सैल झाला तरी ज्याला अन्न गोड लागत नसे, तो हा माणूस! थोरली बघतच राहिली. पण बाबा मान वर करीनात.

"मग तबकडीवरचंच नव्याने उतरवते. बाकीच्या तिन्ही बाद," असं म्हणून तिने सुई टेकवली.

पलीकडच्या खोलीत आई इस्त्री करत होती. गाणं लागताच तिने सूर धरला. तरुणपणी स्पर्धेत हेच गाऊन तिने पहिला नंबर पटकावला होता, आणि स्पीकर लावायला आलेला नवराही. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्यात सूर वर चढला आणि आईचा आवाज चिरकला. ती थांबली.

"संपलं गं बाई माझं," ती हसून म्हणाली. पण पुढे काही गायली नाही.

बाबा ताडकन उठले. त्यांनी यंत्राची वेग बदलायची कळ अंदाजाने खाली सरकवली आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. वेगाबरोबर गाण्याची पट्टीही थोडी उतरली.

"तुझं काही नाही गं, यंत्रच बिघडलंय मेलं! म्हण परत."

आई पुन्हा गायली. दुसरं कडवं अलगद वर चढलं, खाली उतरलं.

"ऐकलंत? साठी उलटली, पण पट्टी तीच आहे माझी!"

"तसूभरही हललेली नाही," बाबांनी यंत्रापासूनच ओरडून सांगितलं.

थोरलीने ते आकडे मनात पुन्हा जुळवले. चार अठरा, चार सत्तावीस, चार छत्तीस. यंत्राला कधी काही झालंच नव्हतं. तिला एकदम भरून आलं.

"पेनड्राइव्हवरची प्रत गेल्या वर्षापासून तिला जड जाते," बाबा हळूच म्हणाले. "तिला मात्र बोलू नकोस हं."

थोरलीने डोळे पुसले, नवी प्रत उतरवायची तयारी केली आणि कळीवर बोट ठेवलं.

"आणखी थोडं खाली घेऊ का? पुढची चार-पाच वर्षं बघायला नको."

"छे!" बाबांनी तिचा हात धरला. "आज जमतंय तेवढ्यावरच ठेव. तिला आतापासून म्हातारी करू नकोस."