कारंज्याचा कर

चौकात सरकारने कारंजं उभं केलं, त्याचे पाइप आमच्या गल्लीतल्या नळवाल्याने टाकले. मजुरी चोख मिळाली. त्याच्या बायकोला वाटलं, चला, आता कपडे धुवायचं मशीन येणार. साबणाने तिच्या बोटांना भेगा पडलेल्या. मिठाला हात लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

पण आपला गडी पैशांच्या डब्यावर नाग होऊन बसला.

"ते कारंजं काय फुकट आलंय? आज एका हाताने दिलं, उद्या घरपट्टी वाढवून दुसऱ्या हाताने ओरबाडतील. तेव्हा तुझं मशीन विकू?"

"आणि माझे हात?"

"मलम लाव."

तिने भांडी अशी आदळली, की शेजारीण डोकावून गेली.

पुढे झालं काय, कामंच येईनात. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, कर वाढणार, हात आखडता घ्या. लोक गळक्या नळाला चिंध्या बांधायला लागले, पण नळवाल्याला बोलवायचं नाव नाही. हा घरात बसून सगळ्या गल्लीला शिव्या घालायचा. "भिकारडे लेकाचे! एका वायसरला महाग झाले!"

एक दिवस धुताना बायकोच्या बोटातून रक्त आलं आणि तिचं डोकंच फिरलं. ओला सदरा तिने तसाच त्याच्या अंगावर फेकला, डबा काखेत मारला आणि निघाली मशीनच्या दुकानात. हा मागे धावतोय, "अगं, ऐक तरी!"

दुकानाच्या मोरीत नळाला फडकं गुंडाळलेलं. ते बघून याचं टाळकं सटकलं.

"मालक, लाज नाही वाटत? एवढं मोठं दुकान आणि नळाला लंगोट?"

"राहू दे रे बाबा," दुकानदार म्हणाला. "कर वाढणार म्हणतात. पैसा धरून ठेवलेला बरा. गिऱ्हाईक तरी कुठे फिरकतंय?"

नळवाल्याने बायकोच्या काखेतल्या डब्याकडे पाहिलं.

"घाला की शिव्या," बायको म्हणाली. "का थांबलात?"

त्याने तिच्या काखेतला डबा हिसकावला. तिला वाटलं, आता हा घरी पळणार. त्याने तो काउंटरवर दाणकन आदळला.

"मशीन काढा. आणि तो लंगोट मी सोडतो आत्ता. नळाचे पैसे मशीनच्या किमतीतून कापायचे नाहीत, हातात द्यायचे."

"आणि कर वाढला म्हणजे?" दुकानदाराने विचारलं.

"वाढू दे! पाना घेऊन जातो चौकात. कारंजं मी जोडलंय, कुठे पिळलं की बंद पडतं तेही मलाच ठाऊक आहे."