गिटारशिवाय तीन गाणी

गिटार वाजवणाऱ्या दिराने बँड सोडला त्याला आठ दिवस झाले होते. जाताना तो वहिनीला तोंडावर म्हणाला होता, "बेसचं काय हो, वाजला तरी कळत नाही आणि थांबला तरी." दुसऱ्या बँडने त्याला उचललं होतं, आणि आज स्पर्धेच्या निवडफेरीला तोही याच सभागृहात होता.

इकडे उरले तिघं. गाणारा नवरा, ड्रम वाजवणारा सुतार आणि खालचे जाड सूर देणाऱ्या बेस गिटारवर ती. गिटार फोनवर रेकॉर्ड करून ठेवावी असं नवऱ्याचं मत. "बटण दाबलं की झालं," तो म्हणे. तिने काही केल्या ऐकलं नाही. दिवसभर दातांच्या कवळ्या घडवून ती घरी यायची आणि जेवणाआधी तासभर आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या पेडल्सशी झटायची. शेवटी जमलं. बेसमधून निघालेला आवाज तिने दोन वाटांनी फोडला. एक वाट सरळ बेसच्या अँपच्या पेटीला. दुसरी ऑक्टेव्ह पेडलमधून वरच्या सप्तकात चढून, डिस्टॉर्शनची खरखर घेऊन दिराच्या मागे राहिलेल्या गिटारच्या अँपला. सुतार ऐकून म्हणाला होता, "भिंती होत्याच. आता छप्पर आलं."

त्यांचा नंबर यायला वीस मिनिटं होती तेव्हा दीर पडद्यामागच्या सरावाच्या खोलीत आला.

"वहिनी, माझा अँप नेतोय. तुमच्यानंतर आमचाच नंबर आहे, तपासून घ्यायला हवा."

तो बोलत होता जमिनीकडे बघून. नवरा ताडकन उठला. "अरे, तीन गाण्यांचा तर प्रश्न आहे."

"नेऊ दे," ती म्हणाली. "त्याचाच आहे."

दीर अँप घेऊन गेला. आता दोन्ही वाटा एकाच अँपमध्ये घालणं भाग होतं. घातल्या, तर नुसता चिखल. डिस्टॉर्शनने खालचा सूर पार गिळून टाकला.

"मी पायाने ठोकतोय, पण तुझी साथच मिळत नाही," सुतार म्हणाला.

नवऱ्याने गिटार भरून आणलेला फोन खिशातून काढला. "हट्ट सोड. नाक कापलं जाईल."

"पाच मिनिटं दे."

ती गुडघ्यांवर बसली. डिस्टॉर्शन निम्म्याच्या खाली आणलं, त्याची कर्कश धार काढली, साधा आवाज वर चढवला. वाजवून पाहिलं. अगदी मिळमिळीत. नवऱ्याने कपाळाला हात लावला. तिला मात्र वेगळीच शंका आली. एकटा बेस कसा लागतो हे ऐकून उपयोग काय, तो वाजणार तर तिघांत.

"तुम्ही दोघंही सुरू करा," ती म्हणाली.

ड्रम आणि गळा सुरू झाला तसा तो मिळमिळीत आवाज दोघांच्या मधोमध चपखल बसला. नवऱ्याने गाता गाता फोन खिशात टाकला. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं.

पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्याच्या मध्यावर दिराचा आठ आवर्तनांचा गिटारचा तुकडा असायचा. ती जागा आली, नवरा माइकपासून मागे सरला, आणि तिने ऑक्टेव्हवर पाय दिला. घामाने बोट घसरलं आणि शेजारची तारही वाजली. त्या पेडलला दोन सूर एकदम पेलत नसत. ते कोकरासारखं बेंबें करून ओरडलं. समोरच्या तीन परीक्षकांपैकी एकीने कागदावरून मान वर केली.

तिचे कान तापले. पण हात थांबला नाही. तळव्याने बाकीच्या तारा दाबून धरल्या आणि एकाच तारेवर, एकेक सूर, घाई न करता वाजवत गेली. सुतार शहाणा. त्याने झांजा सोडून दिल्या, तिला मोकळी जागा करून दिली. सहाव्या आवर्तनाला तिचा जम पुन्हा बसला. तिसरं गाणं कसं झालं हे तिला नंतर आठवेना.

पाच वाजता यादी लागली. सहा बँड निवडले होते. दिराचा दुसरा, यांचा सहावा.

नवरा हसत सुटला. ती पेडल्सच्या वायरी गुंडाळत होती तेव्हा दीर येऊन उभा राहिला, वाकून त्याने बेसच्या अँपची जड पेटी उचलली आणि जिना उतरू लागला. तिने उचलू दिली. आभार मात्र मानले नाहीत. एवढ्यात तरी मानणार नव्हती.

खाली सुतार गाडीत ड्रम भरत होता. "सरावाला कधी बसायचं?" त्याने विचारलं.

"सोमवारी," ती म्हणाली. "तिघंच."

दिराने पेटी गाडीत सरकवली आणि तो आपल्या माणसांकडे निघून गेला.